जपानी डब्यातला तुमचा भात

मामा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेबाराला माझा फोन वाजला. घर माणसांनी भरलेलं, बायका मला धरून बसलेल्या, आणि पलीकडून बँकेतले कॅशियर गिते. "ताई, शटर चार दिवसांपासून बंद दिसून राहिलं. आजबी डबा न्हाई का?" त्या बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आज भात नाही," आणि फोन ठेवून दिला. सासरे गेले, असं सांगायला हवं होतं, पण तोंडातून निघालं ते हे. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र वाटलं की मी अगदी खरं तेच बोलले.

त्यानंतर तेरा दिवस गाळा बंद होता. तुमचा लेक दोनदा म्हणाला, घाई करू नको, नाही उघडलास तरी चालेल, माझा पगार आहे. त्याला वाटतं मी रडते म्हणून उघडत नाही. रडते, ते खरं आहे. पण खरी अडचण वेगळी होती. आपल्या जपानी डब्यातलं बाकी सगळं मला येतं. अंड्याची गुंडाळी येते, तिळातल्या शेंगा येतात, मुरवलेला पिवळा मुळा येतो, बुधवारचा मासा येतो. भात येत नाही. आणि भाताशिवाय तो डबा म्हणजे नुसती तोंडी लावणी. ही गोष्ट हिंगोलीत आपल्या दोघांनाच माहीत होती. आता एकटी मीच उरले आहे जिला ती माहीत आहे.

लोकांना मी काय सांगत आले? पुण्यात सहा वर्षं जपानी जेवणाच्या दुकानात होते, तिथं शिकले. यातलं पहिलं खरं. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींखाली ते दुकान होतं. साडेबारा वाजले की गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी रांग लावायची, आणि डबा मागितल्यापासून तीन मिनिटांत हातात पडला नाही तर मालक घड्याळाकडे बघायचा, बोलायचा नाही. मी डबे भरायची. झपाझप, एका मिनिटाला दोन. भात मात्र आतल्या खोलीत व्हायचा. तो करणारा एक जुना आचारी होता आणि त्या खोलीत आम्हाला मुभा नव्हती. मी सहा वर्षं काचेतून बघितलं. बघून येतं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मग तुमच्या लेकाला इथं सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड उचलून हिंगोलीला आलो. मी वर्षभर भिंतींशी भांडत बसले. तेवढ्यात तुमचे गुडघे गेले, देवळातली पूजेची पाळी पुतण्याकडे सोपवून तुम्हीही आमच्याकडे राहायला आलात. तीस-पस्तीस वर्षं महादेवाला नैवेद्य करणारा माणूस, आणि सकाळी दहा वाजता करायला काही नाही म्हणून गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे करायचा. आपण दोघंही आपापल्या कामावरून उठवलेली माणसं होतो. म्हणून जमलं असावं.

तो पहिला भात तुम्हाला नक्की आठवत असेल. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, कचेऱ्यांच्या रस्त्यावर गाळा घेणार, जपानी डबा विकणार, आज नमुना करते. इंद्रायणी तांदूळ शिजवला, वर सिरका, साखर, मीठ ओतलं आणि ढवळलं. परातीत खळ तयार झाली. तुम्ही जवळ येऊन बघितलंत, बोट लावलं नाहीत, आणि म्हणालात, "सूनबाई, याच्यानं इलेक्शनची पोस्टरं बराबर चिकटतील."

मला एवढा राग आला होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, "पुण्यात हे तू करत होतीस?"

"हो," मी म्हणाले.

"बराबर," तुम्ही म्हणालात. पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावाला गेलात आणि सासूबाईंची भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट काखोटीला मारून आलात. गुडघ्यांचं निमित्त करून तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं टाळायचात, त्या गुडघ्यांनी. म्हणालात, "तो भात कसा असाया पायजे, ते सांग. कसा करतात ते नको सांगू." मी सांगितलं. शीत न् शीत सुटं दिसलं पाहिजे पण मुठीत धरलं की धरून राहिलं पाहिजे. अंगाएवढं कोमट. चमक हवी, तेल नको. आंबट आहे हे खाणाऱ्याला कळता कामा नये, फक्त दुसरा घास घ्यावासा वाटला पाहिजे. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "मंग तसं म्हन ना. हे तर नैवेद्याचंच काम हाय."

आठ दिवस शेजारच्यांच्या शेळ्यांनी जपानी भात खाल्ला. नवव्या दिवशी तुम्ही मला हाक मारली. काथवटीत भात पसरलेला, तुम्ही एका हातानं उलथन्यानं तो कापल्यासारखा परतत होतात आणि दुसऱ्या हातानं सुपानं वारा घालत होतात. सिरका तुम्ही ओतत नव्हतात, तीन बोटांनी शिंपडत होतात, देवावर पाणी शिंपडावं तसा. मी चमचाभर तोंडात टाकला, मग आणखी एक. पुण्यात सहा वर्षं दुपारचं जेवण म्हणून मी तो काचेपलीकडचा भात खाल्ला होता. तुमचा त्याच्याहून चांगला होता. मी म्हणाले, "जमतंय." एवढंच म्हणाले, मामा. याची मला आज लाज वाटते.

गाळा सुरू झाला आणि गावाला करमणूक मिळाली. "जपानी डबा, तीन मिनिटांत" ही पाटी वाचायला लोक सायकलवरून उतरायचे. भात माझा आणि तुम्ही मागे नुसता वारा घालता, असंच सगळे धरून चालायचे. तुमचा लेक म्हणायचा, इथं ज्वारीची भाकर खाणारी माणसं, तुमचं जपान कोण खाणार? पण कचेरीतल्या माणसाची भूक सगळीकडे सारखीच असते. जेवायची सुट्टी अर्धा-पाऊण तास. घरी जाऊन यायचं तर निम्मा वेळ रस्त्यात. बदलीवर आलेली, खोली करून राहणारी मंडळी तर दुपारी चहा-बिस्किटावर दिवस काढायची. त्यांना गरम, स्वच्छ, हात न माखता खाता येणारं काहीतरी हवं होतं. आपण ते दिलं. आधी पाच डबे, मग पंधरा, मग चाळीस. चाळिसाच्या वर तुम्ही जाऊ दिलं नाहीत. "काथवट एवढीच हाय," म्हणायचात. मी म्हणायची, दुसरी आणू. तुम्ही म्हणायचात, दुसरा हात कुठून आणतीस?

पहिल्या आठवड्यातले ते तलाठी आठवतात? भाताच्या त्रिकोणाला लावलेला तो शेवाळाचा काळा कागद त्यांनी नखानं खरवडून खरवडून काढला, चुरगळून टोपलीत टाकला आणि डबा परत देताना म्हणाले, "ताई, जेवण चांगलं हाय, पन पॅकिंग लई घट्ट करून राहिले तुमी. निघता निघंना." मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, तर तुम्ही मागून माझा पदर ओढलात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तो कागद कात्रीनं कापून बोटभर पट्टी लावायला लागलात. महिन्यानं दोन बोटं. चौथ्या महिन्यात अख्खा कागद, आणि तलाठी तो मिटक्या मारत खात होते. तुम्ही म्हणालात, देवळात घंटेची जागा बदलली तरी लोक महिनाभर जुन्याच जागी हात वर करतात, त्यांना हसू नये. मी पुण्याहून आलेली, मला तर सगळ्यांना हसायची सवय होती.

आणि सोयाबीन. आपल्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, आणि खात कोणी नाही. मळणी केली की बाजार दाखवायचा, संपलं. जपानी लोक ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात हे मी सांगितलं, तेव्हा तुम्ही एका शेतकऱ्याला सांगून ताजी झाडं उपटून आणवलीत. गिते म्हणाले, "ताई, हे आमच्याकडं ढोरं खात्यात." तुम्ही काउंटरच्या मागून म्हणालात, "ढोरांना आपल्यापेक्षा कळतं, साहेब. ते काही फेकून देत न्हाईत." त्या दिवसापासून श्रावण-भादव्यात शेंगांसाठी भांडणं व्हायची.

तुमच्यासोबत काम करणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. ओट्यावर तुम्ही खडूनं रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे तुमची काथवट, मुळा, तीळ. पलीकडे माझी अंडी, आणि बुधवारी सिद्धेश्वरच्या धरणावरून येणारा मासा, सोयाबीनच्या सॉसमध्ये गूळ घालून भाजलेला. माझा चमचा रेघ ओलांडून आला की तुम्ही काही न बोलता काथवट चार बोटं मागे सरकवायचात. वर्षभरात ती भिंतीला टेकली. पण मासा आणायला मीच जायची म्हटल्यावर धरणावरच्या भोयाला फोन तुम्हीच करायचात, "आमच्या सूनबाईला ताजाच द्या बरं," म्हणून. मासा न खाणाऱ्या माणसानं माशासाठी केलेली ती शिफारस मी अजून कोणाला सांगितली की हसतात.

सगळं भरून झालं की डब्यांची रास लावायची आणि तुम्ही तिच्याभोवती पाण्याची धार फिरवायचात. डोळे मिटून, ओठ हलवत. बाहेर माणसं उभी, माझ्या डोक्यात पुण्याचं घड्याळ. मी चडफडायची, मामा, तीन मिनिटांचा वादा आहे. एकदा तर मी मोबाईलवर वेळ लावला. बारा सेकंद. मी ते तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "बारा सेकंदात माणूस उपाशी मरत न्हाई." मग गिऱ्हाईकंच वाट बघायला लागली. एक दिवस गडबडीत तुम्ही विसरलात, तर पंचायत समितीतल्या बाई डबा घेईनात. "बाबांनी पानी फिरवलं न्हाई अजून," म्हणाल्या.

आपलं मोठं भांडण मात्र चाखण्याचं. ते चार वर्षं चाललं. मी शिकले ते असं की चाखल्याशिवाय डबा बाहेर जाता कामा नये. तुम्ही जन्मभर केलं ते असं की देवाच्या आधी जीभ लावायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. मी म्हणायची, गिऱ्हाईक म्हणजे देव नव्हे, मामा, गिऱ्हाईक म्हणजे कॅशियर. तुम्ही म्हणायचात, "भूक लागलेला हाय ना? मंग झालं." मी म्हणायची, मीठ चुकलं तर? तुम्ही म्हणायचात, "जिभेच्या भरवशावर राहिलं की हात आळशी होतो." आणि खरंच, तुमचं मीठ कधी चुकलं नाही. ओला तांदूळ, जुना तांदूळ, ढगाळ हवा, सगळं तुम्ही पालथ्या हातानं वाफ बघून ओळखायचात. डबे संपले की काथवटीच्या कडेला राहिलेली चार शितं तोंडात टाकायचात आणि मान हलवायचात. त्या मान हलवण्याचा अर्थ चांगलं झालं असा होता की संपलं असा, ते मला कधी कळलं नाही.

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले.

मागच्या वर्षी जूनमध्ये हळदीच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. लॉजवर उतरलेला, चार दिवस केळी आणि बिस्किटं खाऊन कंटाळलेला. कारखान्यातला एक माणूस त्याला आपली पाटी दाखवायला घेऊन आला, गंमत म्हणून. त्या गृहस्थानं डबा घेतला आणि काउंटरपाशी उभ्याउभ्याच खाल्ला. पहिल्या घासानंतर तो थांबला. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. हळूहळू, एकही शीत न टाकता त्यानं भात संपवला आणि सोबतच्या माणसाला काहीतरी विचारलं. तो माणूस म्हणाला, "ताई, साहेब इचारून राहिले, भात कोन करतं?"

तुम्ही माझ्या मागे होतात, दोन हातांवर, सूप हातात धरून. मी म्हणाले, "मी."

का म्हणाले, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. सहा वर्षं काचेपलीकडून बघत राहिले होते, ते असेल. खऱ्या जपानी माणसानं विचारलं आणि मला वाटलं, हे उत्तर माझं असायला हवं होतं. कारण काही का असेना, शब्द निघून गेला. त्या माणसानं मला कमरेत वाकून नमस्कार केला. मी मान वळवून बघितलं तर तुम्हीही त्याला हात जोडत होतात, पाहुण्याला जोडावेत तसे. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तुम्ही वळलात आणि भाताला वारा घालायला लागलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी फोडत होते, तर तुम्ही म्हणालात, "सूनबाई, ये. आजपासून काथवट तू धर."

हातातलं अंडं मी भांड्यात ठेवून दिलं. मी विचारलं, "रुसलात का, मामा?"

"रुसायला मी काय जावई हाय? ये, शिकून घे."

मी गेले नाही. डबे कोण भरणार, अंडी कोण करणार, माझ्याकडे वेळ कुठे आहे, अशी दहा कारणं सांगितली. खरं कारण असं की मला तो टोमणा वाटला. कालचं मला ऐकवून राहिलात, तेही गोड बोलून, असं वाटलं. पण तुम्ही सोडलं नाहीत. रोज सकाळी एकदा म्हणायचात. वाटीभर तांदूळ वेगळा काढून छोट्या पातेल्यात भिजवून ठेवायचात, माझ्यासाठी. मी तो दुपारी घरच्या खिचडीत ढकलायची. पावसाळा गेला, दिवाळी आली. एकदा मी म्हणाले, तुम्ही आहात तोवर मी कशाला शिकू? तुम्ही म्हणालात, "म्हनूनच." मला वाटलं, झालं, आता मरणाची भाषा काढून मला हळवं करायला निघालात.

दिवाळीनंतर एक दिवस माझा तोल सुटला. भरल्या दुपारी, दोन गिऱ्हाईकं समोर असताना मी तुम्हाला मागे नेऊन म्हणाले, एवढं टोचत असेल तर सरळ बोला. मी उद्याच चार लोकांत सांगते की भात सासरे करतात, माझा काही संबंध नाही.

तुम्ही घाबरल्यासारखे झालात. "काहून? तसं नको सांगू."

"मग मी करू तरी काय?"

"भात कर," तुम्ही म्हणालात.

मी पाय आपटत काउंटरवर गेले. त्या दिवशी तुम्ही पाणी फिरवलंत तेव्हा मी वेळ मोजला नाही, तोंड फिरवून उभी राहिले. तुमच्याशी तीन दिवस अबोला धरला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी अबोला धरणारी मी, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात शेवटची राहिलेली सोयाबीनची उसळ वाढणारे तुम्ही.

मग डिसेंबरअखेर तुम्हाला धाप लागली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं तीन दिवस मिळाले होते. ते मी वाया घालवले. पहिल्या दिवशी तुम्हाला दम लागत होता, बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं. तुम्ही विचारलंत, काथवट कुठं ठेवली? मी म्हणाले, ओट्यावर. "उन्हात नको ठेवू. तडकती." मी म्हणाले, बरं. त्या वेळी खोलीत आपण दोघंच होतो. मी वाक्य तयार केलं होतं. तुमचा भात पुण्याच्या भाताहून चांगला आहे आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. एवढंच. तेवढ्यात नर्स आली, मग तुमचा लेक आला, मग गावाकडची माणसं. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. तिसऱ्या दिवशी दुपारी, आपण रोज शटर ओढायचो त्या सुमाराला, तुम्ही गेलात.

दहाव्याला कयाधू नदीच्या काठावर गावाकडचे एक म्हातारे माझ्याजवळ येऊन बसले. मी त्यांना ओळखत नव्हते. ते आपणहून बोलायला लागले. त्यांचा पोरगा लहानपणी फार आजारी होता, नांदेडला दवाखान्यात. त्यांनी तुमच्याकडे अभिषेकाची दक्षिणा पाठवली होती आणि धास्तावून देवळाशेजारच्या दुकानात फोन लावून तुम्हाला विचारलं होतं, अभिषेक झाला का? तुम्ही गडबडीत होतात, दुसऱ्याच कोणाचं नाव मनात धरून म्हणालात, झाला. "आन् झाला नव्हता, बाई," म्हातारे म्हणाले. "मला ठावूकच न्हाई. पोरगं बरं झालं, वरसभरानं गुरवबाबांनी सोताहून मला सांगितलं. म्हनले, तुला झाला म्हनलो तवा झाला नव्हता. फोन ठेवला आन् ध्यानात आलं. तसाच उठलो, आंघूळ केली, आन् केला. मी म्हनलं, तवाच फोन करून सांगायचं ना. तर म्हनले, तू तिकडं लेकराच्या उशाशी, तुला काहून तकलीफ देऊ? तोंडातून गेलं व्हतं. मागं घेन्यापरीस खरं करून टाकलं."

म्हातारे उठून गेले आणि मी तिथंच वाळूत बसून राहिले. तुमच्या लेकानं हाक मारली ती ऐकू आली नाही. सहा महिने रोज सकाळी तुम्ही मला काय सांगत होतात ते मला तेव्हा कळलं. तुम्ही रुसला नव्हतात. टोमणा मारत नव्हतात. सुनेच्या तोंडून पाहुण्यासमोर एक खोटं गेलं होतं, आणि ते चार लोकांत मागे घ्यायला लावून तुम्हाला तिची मान खाली घालायची नव्हती. तुम्हाला ते खरं करायचं होतं. त्यासाठी तुम्ही स्वतःच्या हातातलं काम सोडायला तयार होतात, जे एक काम देऊळ सुटल्यावर तुमच्याकडे उरलं होतं. असा मोठेपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही, मामा. आणि मी त्याला अबोल्यानं उत्तर दिलं.

अकराव्या दिवसापासून मी भात करायला लागले. सुतकातलं घर, पाहुणे अजून गेलेले नाहीत, आणि सून पहाटे उठून सुपानं भाताला वारा घालते. जावांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. पहिला गिचका झाला, दुसरा फडफडीत. मग मी तुमचे हात आठवत बसले. सिरका ओतायचा नाही, शिंपडायचा, हे मला बघून माहीत होतं, पण शिंपडायच्या आधी तुम्ही क्षणभर थांबायचात, वाफेचा पहिला लोट जाऊ द्यायचात, ते माझ्या नजरेत कधी भरलंच नव्हतं. तुम्ही काही मंत्र म्हणता असं मला वाटायचं. तिसऱ्या भातापासून मीही थांबायला लागले. पाचवा भात डब्यात घालण्याजोगा झाला. चांगला झाला असं नाही, घालण्याजोगा झाला. आणि एक सांगून टाकते, मी चाखते. पालथ्या हाताला मला अजून काही कळत नाही. आपलं ते भांडण आहे तसंच राहू द्या.

आज सोमवार. आज शटर उघडलं. वीसच डबे केले. पाणी फिरवायला मला मंत्र येत नाहीत, मी नुसतं फिरवलं, आणि कोणी काही बोललं नाही. गिते सगळ्यांत आधी आले. त्या दिवशीच्या फोनबद्दल दोनदा माफी मागितली. मग नेहमीसारखा काउंटरच्या कडेला डबा उघडून उभ्यानंच खायला लागले. मी दुसऱ्यांचे डबे देत होते, पण लक्ष सगळं त्यांच्या तोंडाकडे. एक त्रिकोण संपला. दुसऱ्याचा घास घेऊन ते थांबले, आणि तुमच्या रिकाम्या जागेकडे बघत अडखळत म्हणाले, "ताई, राग नका मानू. आज भात जरा येगळा लागून राहिला."

रांगेत पंचायत समितीतल्या बाई होत्या, तलाठी होते, आणखी चौघं-पाच जण होते. सगळे ऐकत होते.

"हो," मी म्हणाले. "आजपासून मी करते."

गिते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे? इतके दिवस तुमीच करत होता ना?"

"नाही," मी म्हणाले. "इतके दिवस मामा करत होते."